दोन टोकांचे तीन दात

माझ्या दवाखान्यातला पहिला पेशंट मरून दीड-दोन कोटी वर्षं झाली होती.

खुर्ची अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती. बाहेरच्या पाटीवरचा रंग ओला होता. एक्स-रे मशीन तेवढं सकाळी कणकवलीहून टेम्पोतून येऊन भिंतीवर बसलं होतं. ते बसवणारा माणूस पायऱ्या उतरतो न उतरतो तोच आतल्या दारातून माझ्या घरमालकीणबाई आल्या. आखूड पांढरे केस, फुलाफुलांचा झगा, आणि गळ्यात एकाच काळ्या दोऱ्यात क्रूस आणि भिंग. त्यांनी मूठ उघडली. तळहातावर अंगठ्याच्या नखाएवढा एक करडा, चकचकीत त्रिकोण होता.

“ह्येचो फोटो काढ,” त्या म्हणाल्या.

“काय आहे हे?”

“दात. मोरीचो. तू दातांचो डॉक्टर मां?”

मोरी म्हणजे शार्क. मी कणकवलीच्या आतल्या गावचा, भातशेती आणि काजू करणाऱ्या घरातला. मोरी मी फक्त ताटात पाहिली होती, तीही रस्सा जास्त आणि तुकडे कमी अशी. तिला दात असतात, ते दगड होऊन जमिनीत राहतात आणि कुणीतरी ते घेऊन दातांच्या डॉक्टरकडे येतं, हे सगळं मला त्याच सकाळी कळलं. मी मशीन चालू केलं. पडद्यावर दाताची सावली उमटली, आतली पोकळी स्पष्ट दिसली, आणि त्या बाईंनी टाळी वाजवली. तेव्हा मला कळलं की मी जागा बघायला आलो त्या दिवशी त्यांनी माझं गाव, आडनाव, खाणंपिणं यातलं काही न विचारता फक्त “एक्स-रे मशीन आणतलंस मां?” एवढंच का विचारलं होतं.

सगळी गल्ली त्यांना टीचर म्हणायची, म्हणून मीही टीचर म्हणू लागलो. तरुणपणी त्या कच्छमध्ये जमिनीचे थर तपासायच्या नोकरीत होत्या. तिथे एका कोरड्या नदीच्या काठच्या पिवळट मातीत त्यांना हे दात सापडायला लागले आणि त्यांचं नोकरीतलं लक्ष उडालं. पुढे त्यांनी गोव्यात कॉलेजमध्ये भूगर्भशास्त्र शिकवलं आणि निवृत्त होऊन मालवणात वडिलांच्या घरी परतल्या. लग्न केलं नव्हतं. “करणार होतंय,” त्यांनी मला एकदा सांगितलं, “पण तेचे दात अगदीच सरळ होते.”

त्या माणसाच्या तोंडाकडे बघायच्या, चेहऱ्याकडे नाही. इगर्जीत नवे फादर आले, त्यांचं पहिलं प्रवचन झालं. लोक बाहेर थांबून त्यांचं स्वागत करत होते. टीचर पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “फादर, तुमचो वरचो डावो सुळो फिरलेलो आसा. लहानपणी खंयसून पडलेलात?” फादर गोंधळले, मग हसून म्हणाले की हो, पेरूच्या झाडावरून. “मगे तो खरो,” टीचर समाधानाने म्हणाल्या आणि घरी निघून गेल्या. प्रवचन कसं झालं हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

‘खरो’ हा त्यांचा मोठा शब्द होता. त्यांच्यासाठी जगातल्या दातांचे तीन ढीग होते. मोडलेले, असेच असलेले, आणि खरे. खरे म्हणजे खरोखर आजारी, घडतानाच काहीतरी इजा झालेले. आणि त्यांचं म्हणणं असं की लोक दुसऱ्या ढिगातले दात उचलून सारखे तिसऱ्यात टाकतात.

हे त्यांनी मला शिकवलं ते दुपारच्या वेळी, पेशंट नसताना. माझ्या स्टीलच्या ट्रेमध्ये त्यांनी ओंजळभर दात ओतले. “ह्येतले आजारी वेगळे कर.” मी मन लावून बसलो. वाकडा दिसला की बाजूला, बुटका दिसला की बाजूला, एका बाजूला कललेला दिसला की बाजूला. बघता बघता अर्धा ट्रे आजारी झाला. टीचर माझ्या मागे उभ्या राहून तोंडावर हात धरून हसत होत्या. मग त्यांनी एकेक दात परत टाकायला सुरुवात केली.

“ह्यो तोंडाच्या कोपऱ्यातलो, कोपऱ्यातलो असोच आडवो असता. ह्यो खालचो. वरचो रुंद, खालचो बारीक, दोगांचा काम वेगळा. ह्यो बुटको मधोमधचो, जबड्याच्या सांध्यावरचो. ह्यो नुसतो झिजलेलो. आणि ह्यो मेल्यार मोडलेलो.”

“मेल्यावर हे कसं कळलं?”

त्यांनी माझं बोट धरून दाताच्या कडेवर फिरवलं. तुटलेल्या जागी ते खरखरीत लागलं. मग एक वाकडा दात दिला. वाकण होतं, पण वरची चकाकी त्या वाकणावरून अखंड गेली होती, शिलाईच्या कापडाला पडलेल्या चुणीसारखी.

“बघलंस? चकाकी तुटाक नाय, ती वाकणासोबत वाकली. म्हणजे दात घडत होतो तेव्हाच ह्या झाला. ह्यो खरो.”

मोरीचा दात एकदा तयार झाला की त्यात पुन्हा दुरुस्ती नाही, हेही तेव्हाच कळलं. तिच्या जबड्यात दात मंगळुरी कौलांसारखे एकामागे एक रचलेले असतात. पुढचा पडला की मागचा सरकून पुढे येतो. इजा व्हायची ती मागे, हिरडीच्या आत, जिथे नवा दात घडत असतो तिथेच. “म्हणान तिका तुझी गरज नाय,” त्या मला म्हणाल्या, आणि मला त्या मोरीचा हेवा वाटला की माझ्या धंद्याची काळजी, हे आजही सांगता येणार नाही.

कुठलाही दात हातात घेतला की त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा, “तोंडात खंय होतो?” जागा कळल्याशिवाय दाताबद्दल मत द्यायचं नाही. आणि जागा कळायची तर आजच्या मोऱ्यांचे जबडे पाहायला हवेत. मालवणच्या बंदरावर लिलावात मोरी आली की टीचर हजर. मासळी विकणारी काकी गल्लीच्या तोंडाशीच राहायची. तिला टीचरांनी सांगून ठेवलं होतं, बाकी मोरी ज्याला द्यायची त्याला दे, डोकं माझं. मग घराच्या मागच्या खळ्यात चूल पेटायची, डोकं गरम पाण्यात क्षणभर बुडवून बाहेर काढायचं, सुरीने मांस सोडवायचं, आणि जबडा बांबूच्या काड्यांवर ताणून पडवीत वाळत लावायचा. कपड्यांच्या दोरीवर झग्याशेजारी मोऱ्यांचे उघडे जबडे. पहिल्यांदा येणारे पेशंट ते पाहून परत जात. वासाबद्दल मी एकदा तक्रार केली.

“टीचर, पेशंट नाकाला रुमाल लावून बसतात.”

“बरा मां. वासापुढे दुखणा कमी वाटता.”

आता माझा दवाखाना कुडाळात आहे आणि तिथे खळ्यात काही शिजत नाही. तरी एखाद्या मुलाची आई मुलाचा दात दाखवून घाबऱ्या आवाजात “हे काय झालंय हो?” असं विचारते, तेव्हा मी आधी “कुठला आहे बघू” म्हणतो आणि घाई करत नाही. बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं. दात तसाच असतो.

पण कधी कधी झालेलं असतं, आणि एकदा ते टीचरांनाच झालं होतं.

त्या नाताळाच्या आधी मला त्यांचा खालचा एक दात कललेला दिसला. मी विचारलं तर म्हणाल्या, “तो असोच. आमच्या बापाचो पण असोच होतो.” मी गप्प बसलो. पण माझ्या फोनमध्ये मागच्या नाताळचा फोटो होता. हातात नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं ताट धरून टीचर हसत होत्या आणि तोच दात अगदी सरळ उभा होता. मी फोटो त्यांच्यासमोर धरला.

“टीचर, गेल्या नाताळात हा दात तोंडात खंय होतो?”

त्यांनी भिंगातून फोटो पाहिला. मग माझ्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि तोंड उघडलं.

पडद्यावर दोन दातांच्या मुळांखाली एक गोल काळी सावली आली. असल्या सावल्या बहुतेक साध्या पाण्याच्या पुटीच्या असतात, पण सगळ्या नसतात. तेवढ्यात टीचर गळ्यात बांधलेल्या रुमालासकट खुर्चीतून उठून पडद्याशी नाक लावून उभ्या राहिल्या.

“सायबा! ह्यो खरो! अरे, ह्यो खरो आजार!”

“टीचर, बसा जरा.”

“बसतंय कित्याक? बघ कसो ढकलल्यान हा दोगांका! काकीक बोलाव, तिका दाखवया.”

काकी आली, तिने सावली पाहिली आणि छातीवर हात ठेवून स्टुलावर बसली. टीचर तिला समजावत होत्या की पुटी वाढते तशी मुळं कशी बाजूला होतात. मी कणकवलीच्या सर्जनना फोन लावला. ऑपरेशन झालं, पुटीबरोबर ते दोन दातही काढले, तुकडा तपासायला गेला, आणि रिपोर्ट येईपर्यंत मी रोज लॅबला फोन करत होतो. टीचर मात्र रोज विचारत होत्या की सर्जन दात परत देणार ना. रिपोर्ट आला. साधी पुटी, काळजीचं काही नाही. मी धावत सांगायला गेलो.

“नुसती पुटी?” त्या म्हणाल्या. आवाजात थोडी निराशासुद्धा होती, मी शपथेवर सांगतो.

त्या संध्याकाळी मी घरी जायला निघालो तर इगर्जीचं दार उघडं होतं. आत शेवटच्या बाकावर टीचर एकट्याच गुडघे टेकून होत्या. डोकं पुढच्या बाकावर ठेवलेलं होतं आणि खांदे हलत होते. मी पाय न वाजवता पुढे गेलो. 

जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती गोष्ट त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली.

टीचरांची एक जुनी विद्यार्थिनी आता विद्यापीठात प्राध्यापिका होती. हुशार, बोलकी, आणि टीचरांवर जीव टाकणारी. ती पुण्याहून त्यांना भेटायला आली आणि सगळा संग्रह पुन्हा बघायला बसली. तेव्हा टीचरांनी जपमाळेच्या डबीतून तीन दात काढले. मीही ते पहिल्यांदाच पाहत होतो. तीनही दातांना एकाऐवजी दोन टोकं होती. मधली खाच तीनही ठिकाणी सारखी तिरकी, उजवं टोक डाव्यापेक्षा जरा आखूड. कच्छमध्ये एका ओहोळाच्या काठाला, एकमेकांपासून हातभर अंतरावर सापडले होते.

प्राध्यापिका बाईंनी ते उन्हात नेले, पालथे केले, परत आत आणले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“टीचर, हे तुम्ही आजवर लपवून का ठेवलेत?”

“लपवूक नाय गो. खरे आसत की असेच आसत, माका कळाक नाय.”

“एक असता तर मीही इजा म्हटलं असतं. पण तीन, आणि तीनही अगदी सारखे! इजा अशी सारखी सारखी होत नाही. ही इजा नाही, टीचर, ही जात आहे. आजवर कुणाला माहीत नसलेली मोरीची जात!” मग त्यांनी टीचरांचे दोन्ही हात धरले. “आणि तिला नाव तुमचं द्यायचं. मी देणार. पुस्तकात कायमचं.”

टीचरांची हनुवटी थरथरली हे आम्ही दोघांनीही पाहिलं.

मला राहवलं नाही, मी गल्लीभर सांगितलं. काकी म्हणाली, “टीचर, तुमच्या नावाची मोरी! माका इकूक गावतली?” फादरांनी अभिनंदन केलं. टीचरांनी केक केला आणि तो सगळ्यांना वाटला. पुढचे काही दिवस त्या गुणगुणत घरभर फिरत होत्या आणि माझ्या पेशंटांशीही गोड बोलत होत्या.

मग एका दुपारी त्या दवाखान्यात आल्या आणि स्टुलावर बसल्या.

“तोंडात खंय होते?” त्या म्हणाल्या.

“कोण?”

“ते तीन. जात म्हणता ती. पण जात असती तर कोपऱ्यातलो वेगळो गावतो, मधलो वेगळो गावतो. ह्ये तीनय एकाच जाग्याचे. एकाच जाग्याचे कित्याक?”

मी म्हटलं, योगायोग असेल. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी ट्रे पुसायला लागलो. त्यांचं म्हणणं साधं होतं. घडणाऱ्या दाताच्या जागी कायमची इजा झाली असेल, तर तिथून निघणारा प्रत्येक दात तसाच निघेल. म्हणजे सारखेपणा हा इजेचाही पुरावा असू शकतो. पण असं होतं का? त्यांनी एवढे जबडे सोलले होते, त्यांत एकदाही पाहिलं नव्हतं.

त्यांनी प्राध्यापिका बाईंना फोन करून सांगितलं की थोडं थांब, पावसाळ्याची बंदी उठून होड्या समुद्रात गेल्या की मला अजून जबडे बघायचे आहेत. पलीकडून बराच वेळ समजूत घालणं चाललं होतं. टीचर ऐकत होत्या आणि झग्याची फुलं बोटांनी चाचपत होत्या. शेवटी बाई म्हणाल्या, “ठीक आहे. तुम्ही सांगाल तेव्हाच पाठवेन.”

मी चिडलो होतो. “टीचर, नाव मिळतंय तर घ्या ना. कशाला मोडता घालता?”

“मी खंय घालतंय? दातच घालता हा.”

नारळी पौर्णिमा झाली, होड्या गेल्या, लिलाव सुरू झाले. टीचर रोज संध्याकाळी बंदरावर. मोरी आली की तिच्या तोंडात लाकडाचा तुकडा घालून आत बघायच्या, मान हलवायच्या, परत यायच्या. गणपती झाले. नवरात्र झालं. मला वाटायला लागलं की आता त्या थकतील आणि हो म्हणतील, आणि मी मनातल्या मनात त्याची वाटही पाहत होतो.

एका संध्याकाळी मी तारकर्लीच्या एका लॉजवाल्याची दाढ भरत होतो. त्याच्या गालात इंजेक्शन, जिभेखाली कापूस. तेवढ्यात दारातून काकीचा आवाज आला.

“टीचर खंय? अरे, टीचरांक बोलाव! मोरी इली हा, तिच्या तोंडात काय तरी वायला आसा!”

टीचर मागच्या दारातून अनवाणी बाहेर पडल्या. मी हातमोजे काढत त्यांच्या मागे धावलो. गल्लीच्या वळणावर मागे पाहिलं तर लॉजवालाही येत होता, गळ्यात रुमाल, गालावर हात, तोंडातून एक शब्द फुटत नव्हता.

बंदरावर गर्दी गोल करून उभी होती. मध्ये माणसापेक्षा लांब मोरी, अजून ओली. टीचर ओल्या वाळूत गुडघ्यांवर बसल्या, लाकूड घालून तोंड उघडलं, आणि हात आत घातला. मी बॅटरी धरली. खालच्या जबड्यात, डाव्या बाजूला, एका जागेवर दात दोन टोकांचा होता. टीचरांचं बोट मागे सरकलं.

“दोन टोकां,” त्या म्हणाल्या. बोट अजून मागे. “दोन टोकां! मागचोय दोन टोकांचो! त्याच्या मागचोय!” त्यांचा आवाज चढत गेला. “सगळी रांग! डॉक्टर, सगळी रांग तशीच!”

शेजारच्या रांगा नीट होत्या, सगळे दात एका टोकाचे. फक्त ही एक रांग मागेपर्यंत दुभंगलेली. टीचरांनी हिरडीच्या मुळाशी बोट घातलं आणि कळ आल्यासारख्या थांबल्या.

“सुरी दी.”

काकीने सुरी दिली. त्यांनी हिरडी चिरली आणि दोन बोटांनी काहीतरी ओढून काढलं. बोटाच्या पेराएवढा, दोन्ही कडांना दाते असलेला काळपट काटा. वागळीचा. वागळी म्हणजे तो चपटा मासा, ज्याच्या शेपटीत विषारी काटा असतो आणि जो मोरीला फार आवडतो. कधीतरी खाताना तो काटा नेमका तिथे रुतून मोडला होता, जिथे दात घडतात.

“काटो!” टीचर उभ्या राहिल्या. झगा वाळूने माखलेला, हात कोपरापर्यंत लाल. काटा डोक्यावर धरून त्या ओरडल्या, “वागळेचो काटो! अरे बघा रे बघा! ह्येका म्हणतत खरो!”

कोणाला काय कळलं देव जाणे, पण सगळं बंदर ओरडायला लागलं. लिलाव थांबला. लॉजवाला तोंडातल्या कापसासकट काहीतरी घोषणा देत होता. काकी मला विचारत होती की टीचर जिंकल्या की हरल्या. मी प्राध्यापिका बाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मोरीच्या तोंडात धरला. पलीकडून बारीक आवाज आला.

“सगळी रांग?”

“सगळी रांग गो!” टीचर नाचत होत्या. अक्षरशः नाचत होत्या, दोन पावलं इकडे, दोन तिकडे. मग पुन्हा गुडघ्यांवर बसून त्यांनी रांगेतला सगळ्यात मागचा दात नखाने सोडवला, तळहातावर घेतला, आणि भिंग डोळ्याला लावलं. तो दात अंड्याच्या टरफलासारखा होता. बाहेरून पूर्ण, आतून पोकळ. अजून भरला नव्हता.

“डॉक्टर,” त्या हळूच म्हणाल्या, “माझ्या डबीतलो तिसरो. तेचा मूळ खाल्लेला वाटता. माका वाटलेला मातीन खाल्ल्यान. तो... चल. मशीन चालू कर.”

आम्ही जसे आलो तसे धावत परत गेलो. तीनही दात मी एकामागून एक मशीनखाली धरले. पहिला: भिंती जाड, दोन्ही टोकं झिजलेली. दुसरा: भिंती जाड, टोकं धारदार, न वापरलेला. तिसरा उमटला आणि माझ्या तोंडून नकळत आवाज निघाला. बारीक रेघेएवढी भिंत आणि आत सगळी पोकळी. मूळ मातीने खाल्लं नव्हतं. ते बनलंच नव्हतं.

टीचर स्टुलावर बसल्या. त्यांचे ओले हात मांडीवर तसेच उताणे पडले होते.

त्या रात्री गल्लीत मोरीचं तिखलं झालं, सगळे जेवले, टीचर मात्र पडवीत जबड्याजवळ बसून होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी प्राध्यापिका बाई पोचल्या. सरळ दवाखान्यात आल्या. मी स्टीलच्या ट्रेवर तीन दात एका ओळीत लावले होते, झिजलेला पुढे, अर्धवट मागे. शेजारी नवा जबडा होता. बाईंनी दोन्ही पाहिलं. हुशार होत्या, समजावून सांगावं लागलं नाही. भिंग खाली ठेवून त्या थोड्या रडवेल्या, थोड्या हसऱ्या आवाजात म्हणाल्या, “टीचर, तुमचं नाव गेलं हो.”

“माका होया होता गो,” टीचर म्हणाल्या. “खोटा कित्याक बोलू? आरशासमोर उभी रवान तां नाव मोठ्यान म्हणून बघलंय. बरा वाटला.” त्यांनी बाईंना हाताने जवळ बसवलं. “पण तू माका जात देय होतंस. जात म्हणजे कोण? तिका कोणी भेटता? आता ही बघ. ही एकटी आसा. हिच्या तोंडात काटो रुतलो. ह्यो पहिलो दात झिजलेलो, म्हणजे ती तशीच जेवली. दुखणा घेवन पोवली, शिकार केल्यान, जेवली. दुसरो दात तयार करून ठेवल्यान, वापरूक गावलो नाय. आणि ह्यो तिसरो...” त्यांनी तो टरफलासारखा दात बोटाच्या टोकावर घेतला. “ह्यो करीत होती, तेव्हा मेली. थंयच, त्या ओहोळात. म्हणान तीनय एका जाग्यार गावले.”

त्या हसल्या. पुटी काढलेल्या जागेची फट दिसली.

“एवढ्या वर्षांआधी एक मोरी मेली, आणि ती शेवटच्या दिवसांत कशी जगली ता माका ठावक आसा. माका, मालवणात बसून! आणि तुका माझ्या नावाचा पडला हा?”

प्राध्यापिका बाईंनी डोळे पुसले, बॅग जमिनीवर टाकली आणि म्हणाल्या, “पहिल्यापासून सांगा. काटा रुतला तिथपासून.”

बाहेर पेशंट ताटकळले होते. मी दार लोटलं आणि स्टूल ओढून बसलो. टीचरांनी सांगायला सुरुवात केली, हात नाचवत, आवाज चढवत, आणि थोड्याच वेळात दार परत उघडून पेशंटही एकेक करून आत आले आणि भिंतीला टेकून ऐकत उभे राहिले.